पडत्या वस्तूंचं आभाळ

गोंदियाहून डोंगरगडच्या दिशेनं निघालेली गाडी सालेकसा मागे टाकते आणि रुळांच्या दोन्ही अंगांनी जंगल जवळ सरकू लागतं. पुढे दरेकसा लागतं. एरवी शांत असणारं हे छोटं स्टेशन माघ पौर्णिमेच्या सुमारास माणसांनी फुलून जातं. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा आणि आपल्या विदर्भातले गोंड बांधव पिवळी निशाणं घेऊन उतरतात, एकमेकांना ‘जय सेवा’ म्हणतात आणि धनेगावच्या बाजूनं कचारगडाचा डोंगर चढू लागतात. वर भली मोठी नैसर्गिक गुहा आहे. काली कंकालीची मुलं या गुहेत कोंडली गेली होती, पारी कुपार लिंगो आणि जंगो रायतार यांनी त्यांची सुटका केली, आणि दाराचा दगड सरकवताना हिरासुका पाटालीर या वादकानं आपला जीव दिला, अशी कथा इथं सांगतात. कोया पुनेम, म्हणजे गोंडांचा धर्मविचार, इथून पुढे पसरला अशी श्रद्धा आहे. ती कथा विस्तारानं सांगायचा अधिकार तिच्या वारसांचा आहे. मला या लेखात बोलायचं आहे ते यात्रेच्या तिथीबद्दल आणि डोंगराच्या माथ्यावरच्या आभाळाबद्दल.

यात्रेची तिथी चंद्र ठरवतो. पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवरून, सेकंदाला साधारण एक किलोमीटर वेगानं जाणारा हा आपला एकुलता एक नैसर्गिक उपग्रह. पृथ्वीभोवती एक फेरी पुरी करायला त्याला २७.३ दिवस लागतात, पण पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत मात्र २९.५ दिवस जातात. कारण चंद्राची फेरी चालू असताना पृथ्वीही सूर्याभोवती पुढे सरकलेली असते. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र पुन्हा त्याच ओळीत यायचे तर चंद्राला आणखी दोन दिवसांहून थोडं जास्त चालावं लागतं. लाखो माणसांनी कोणत्या दिवशी दरेकशाला उतरायचं, हे असं एका कक्षेतल्या वस्तूच्या हिशेबानं ठरतं. पंचांग म्हणजे या हिशेबाची वहीच.

कचारगडाला जाणाऱ्या बाहेरच्या माणसाच्या एक गोष्ट चटकन लक्षात येते. गोंडांचे फेरे उलटे असतात. उलटे म्हणजे आपल्या देवळातल्या प्रदक्षिणेच्या उलटे. देवळात मूर्ती आपल्या उजव्या हाताला राहते. गोंडांच्या फेऱ्यात, लग्नातल्यासुद्धा, मध्य डाव्या हाताला राहतो. घड्याळाचे काटे फिरतात त्याच्या विरुद्ध ही दिशा. कोया पुनेमचे अभ्यासक सांगतात की निसर्ग याच दिशेनं फिरतो, म्हणून आम्हीही तसेच फिरतो.

हे म्हणणं तपासून पाहण्याजोगं आहे, आणि तपासलं की फार सुंदर उत्तर हाती येतं. उत्तर ध्रुवाच्या वर जाऊन खाली पाहिलं तर पृथ्वी स्वतःभोवती घड्याळाच्या विरुद्ध दिशेनं फिरताना दिसेल. चंद्र पृथ्वीभोवती तसाच फिरतो. आठही ग्रह सूर्याभोवती तसेच फिरतात. सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी वायू आणि धुळीच्या ज्या ढगातून हे सारं घडलं, त्या ढगाला जी गिरकी होती ती अजून टिकून आहे. शुक्रासारखा एखादा ग्रह स्वतःभोवती उलटा फिरतो, पण सूर्याभोवतीची त्याची वाट बाकीच्यांसारखीच आहे.

मग देवळातली प्रदक्षिणा कुठून आली? बहुधा तीही आभाळातूनच. आपल्या अक्षांशावर दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की हिवाळ्यातला सूर्य डावीकडे उगवतो, समोरून जातो आणि उजवीकडे मावळतो. ही घड्याळाची दिशा, आणि घड्याळानं ती छायायंत्रावरच्या सावलीकडून घेतली. आता पाठ फिरवून उत्तरेकडे पाहा. रात्रभर तारे ध्रुवाभोवती घड्याळाच्या विरुद्ध दिशेनं फिरताना दिसतील. गिरकी एकच, पाहणाऱ्याचं तोंड कुणीकडे आहे एवढाच फरक. दक्षिणेकडे पाहणाऱ्याला एक दिशा सापडली, उत्तरेकडे पाहणाऱ्याला दुसरी.

गोंडांचं आभाळ उत्तरेकडेही भरलेलं आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हळकारे यांनी विदर्भातल्या गोंड गावांतून फिरून त्यांचं आकाशज्ञान नोंदवलं आणि २०१३ साली ते प्रसिद्ध केलं. पुस्तकातले सप्तर्षी गोंडांच्या आभाळात ऋषी नसतातच. चार तारे म्हणजे खाट आणि मागचे तीन म्हणजे ती पळवायला टपलेले चोर. मराठी खेड्यांतूनही म्हातारीचं बाजलं आणि तीन चोर ही गोष्ट ऐकायला मिळते. माघातल्या रात्री ही खाट ईशान्येला वर चढते तेव्हा पाहावं. पुढे खाट, मागे चोर, आणि सगळा मेळा डावीकडे वळत जातो. चोर खाटेच्या मागेच राहतात, कारण आभाळाची गिरकी त्यांना तसंच नेते. मृग नक्षत्रातले तारे या मंडळींना नांगरासारखे दिसतात. ज्याच्या हाती नांगर, त्याच्या आभाळातही नांगर.

माणसानं स्वतःचे उपग्रह सोडले तेव्हा त्यांनाही बहुतेक वेळा हीच, घड्याळाच्या विरुद्ध दिशा दिली. यामागे निखळ हिशेब आहे. श्रीहरिकोट्याची जमीन पृथ्वीबरोबर सेकंदाला सुमारे ४५० मीटर वेगानं पूर्वेकडे चाललेली असते. पूर्वेला सोडलेल्या रॉकेटला तो वेग फुकट मिळतो. इस्रायलचा नाइलाज आहे. पूर्वेला शेजारी देश, म्हणून १९८८ पासून तो देश आपले उपग्रह भूमध्य समुद्रावरून पश्चिमेला सोडतो आणि त्याची किंमत जादा इंधनात मोजतो.

आता मूळ प्रश्न. वर गेलेली वस्तू वर राहते कशी? शाळेत शिकलेला माणूसही पुष्कळदा सांगतो की तिथं गुरुत्वाकर्षण नसतं. ही समजूत खोडून काढल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के आहे. अंतराळवीर तिथं तरंगतात कारण ते पडत असतात, स्थानकही पडत असतं, आणि दोघं एकाच वेगानं पडत असतात.

न्यूटननं हे समजवायला एक उंच डोंगर कल्पिला होता. १७२८ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापलेल्या पुस्तकात ते चित्र आहे. आपण त्या जागी कचारगड घेऊ आणि हवा नाही असं धरू. माथ्यावरून एक दगड आडवा फेकला. पहिल्या सेकंदात तो सुमारे पाच मीटर खाली येणार. हळू फेकला तरी पाच, जोरात फेकला तरी पाच. पडण्याचा वेग फेकण्यावर अवलंबून नसतो. पण पृथ्वी गोल आहे. आठ किलोमीटर सरळ गेलं की जमीन आपल्या सरळ रेषेपासून पाच मीटर खाली वळलेली असते. तेव्हा दगड सेकंदाला आठ किलोमीटर वेगानं गेला तर काय होईल? तो पाच मीटर पडेल आणि जमीनही तेवढीच खाली सरकलेली असेल. पुढच्या सेकंदाला पुन्हा तेच. दगड पडतच राहील आणि जमीन त्याला कधीच भेटणार नाही. साधारण ८४ मिनिटांनी तो मागच्या बाजूनं कचारगडाच्या माथ्यावर परत येईल.

कक्षा म्हणजे एवढंच. सगळी करामत आडव्या वेगाची आहे. उंची लागते ती हवा टाळण्यापुरती. रॉकेट सरळ वर जाताना आपण टीव्हीवर पाहतो, पण कक्षेचा वेग त्याला मिळतो तो नंतर, ते आडवं होऊन धावू लागतं तेव्हा. ४०० किलोमीटरवरचं अवकाश स्थानक सेकंदाला ७.६६ किलोमीटर जातं. गोंदिया ते नागपूर हे रेल्वेचं सुमारे १३० किलोमीटरचं अंतर त्याला सतरा सेकंदांचं आहे.

जितकं वर जावं तितका वेग कमी लागतो आणि फेरी लांबते. चंद्राला सेकंदाला एक किलोमीटर पुरतो. या दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी अशी उंची असणार जिथं फेरी पृथ्वीच्या गिरकीइतकीच वेळ घेईल. ती उंची विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर. तिथला उपग्रह सेकंदाला तीन किलोमीटर धावत असतो, पण आपल्याला आभाळात एका जागी खिळल्यासारखा दिसतो. सालेकसा तालुक्यातल्या कुठल्याही गावात शिरावं आणि कौलांवरच्या छत्र्या पाहाव्यात. डीडी फ्री डिशच्या साऱ्या छत्र्या एकाच बिंदूकडे तोंड करून असतात. दक्षिणेपासून जरा पूर्वेला, क्षितिजापासून साठेक अंश वर. तिथं ९३.५ अंश पूर्व रेखांशावर २०१५ साली सोडलेला जीसॅट-१५ आहे. हवामानाचा इन्सॅट-३डीएस तर ८२ अंशांवर, म्हणजे जवळजवळ कचारगडाच्याच रेखावृत्तावर उभा आहे. धानाच्या रोवणीच्या दिवसांत ढगांची जी चित्रं मोबाइलवर पाहिली जातात, ती अशाच ठिकाणांहून येतात.

या जंगलाला सगळ्यांत जास्त उपयोगी पडणारे उपग्रह मात्र वेगळ्या वाटेनं जातात, आणि तीच वाट मला सर्वांत विलक्षण वाटते. फेब्रुवारीपासून इथं वणव्यांचे दिवस सुरू होतात. मोहफुलं वेचायला झाडाखालची जागा मोकळी व्हावी, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून पाला पेटवला जातो आणि आग कधी कधी हाताबाहेर जाते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था अशा आगींचे इशारे पाठवते. त्यासाठी सुओमी एनपीपी या उपग्रहावरचं उपकरण वापरतात. तो ८२४ किलोमीटर उंचीवरून जवळजवळ ध्रुवांवरून जातो आणि खाली पृथ्वी फिरत राहते, त्यामुळे दर फेरीला नवा पट्टा त्याच्या नजरेखाली येतो. दुपारी दीडच्या सुमारास आणि रात्री दीडच्या सुमारास तो आपल्यावरून जातो. रोज त्याच वेळी, बाराही महिने.

हे सहज होत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्यामुळे उपग्रहाच्या कक्षेची पातळी स्थिर ठेवली तर वेळ दररोज सरकत जाईल. ती पातळी दिवसाला जवळपास एक अंश वळली पाहिजे, तरच वर्षात पुरा फेरा होऊन वेळ कायम राहील. हे वळवण्याचं काम पृथ्वीच करते. पृथ्वीचं पोट विषुववृत्तावर फुगलेलं आहे. तिथली त्रिज्या ध्रुवांकडच्यापेक्षा २१ किलोमीटरनं जास्त आहे. या फुगवट्याची ओढ कक्षेला हळूहळू वळवते. फक्त कक्षा ९८ अंशांच्या आसपास कललेली हवी. नव्वदच्या पुढे गेलं म्हणजे उपग्रह किंचित उलटा, पृथ्वीच्या गिरकीच्या विरुद्ध चालला. म्हणजे निसर्गाच्या दिशेला जाणूनबुजून घातलेला हा अपवाद आहे, आणि वणवा दिसावा म्हणून तो घालावा लागतो.

इथवर सगळं वर राहणाऱ्या वस्तूंबद्दल झालं. पण पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीनं कक्षा म्हणजे काय हे एका संध्याकाळी फार जवळून पाहिलं आहे.

२ एप्रिल २०२२, शनिवार. गुढीपाडवा होता. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास पश्चिमेकडून पूर्वेकडे जळत्या गोळ्यांची एक रांग आभाळातून सरकत गेली. खरगोन, बडवानी, जळगाव, अकोला, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर. घराबाहेर असलेल्या हजारो माणसांनी ती पाहिली आणि मोबाइलवर टिपली. कोणी उल्का म्हणालं, कोणी विमान पेटलं म्हणालं. कचारगडापासून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास, चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी नावाचं गाव आहे. तिथं गावजेवणाची तयारी चालली होती. आभाळ लाल झालं, मोठा आवाज झाला आणि मोकळ्या जागेत धातूचं एक कडं येऊन आदळलं. दोन ते तीन मीटर व्यासाचं, चाळीस किलोहून अधिक वजनाचं. लोक घरात पळाले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच तालुक्यात पवनपार इथं अर्धा मीटर व्यासाचा एक गोळा सापडला. सुदैवानं कोणाला इजा झाली नाही. पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन वस्तू पाहून गेले.

पहिल्या रात्री न्यूझीलंडहून त्याच दिवशी उडालेल्या रॉकेटचं नाव पुढे आलं. पण कक्षांवर नजर ठेवणारे अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी हिशेब जुळवून सांगितलं की हा चीनच्या चँग झेंग-३बी या रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. क्रमांक वाय-७७, उड्डाण फेब्रुवारी २०२१. या टप्प्याचा व्यास तीन मीटर असतो. लाडबोरीच्या कड्याचा घेर त्याला जुळतो.

फेब्रुवारी २०२१ मध्ये गेलेली वस्तू एप्रिल २०२२ मध्ये का पडली? चौदा महिने ती कुठं होती? या घटनेतली सगळ्यांत शिकण्याजोगी गोष्ट हीच आहे आणि बातम्यांत ती आली नाही.

त्या टप्प्यानं टीजेएस-६ हा उपग्रह वरच्या, स्थिर दिसणाऱ्या कक्षेच्या वाटेला लावला आणि त्याचं काम संपलं. अशी वाट लांबट असते. खालचं टोक पृथ्वीपासून दोनेकशे किलोमीटरवर, वरचं जवळपास ३६,००० किलोमीटरवर. खालच्या टोकाला वस्तू सेकंदाला दहा किलोमीटरनं सुसाट जाते, वरच्या टोकाला दीड किलोमीटरनं रेंगाळते. एका फेरीला साडेदहा तास. दोनशे किलोमीटरवर हवा असते. अतिविरळ, पण असते. दर फेरीला काही मिनिटं ती वस्तू या हवेला घासून जाते. झोक्यावर बसलेल्या मुलानं दर खेपेला खाली आल्यावर पाय जमिनीला घासला तर कमी काय होतं? झोका पुढच्या खेपेला तितका वर जात नाही. कक्षेचंही तसंच. हवा लागते खालच्या टोकाला आणि कमी होतं ते वरचं टोक. ३६,०००चे तीस हजार होतात, मग वीस, मग दहा. साडेदहा तासांची फेरी होता होता दीड तासावर येते. वरचं टोक खालच्याच्या जवळ आलं की कक्षा जवळपास गोल होते. तेव्हापासून हवा काही मिनिटांपुरती राहत नाही, सतत लागत राहते. इथून पुढचा प्रवास दिवसांचा, मग तासांचा.

आणि यातली विचित्र बाब अशी की गोल कक्षेत हवेचा अडथळा लागलेली वस्तू हळू होत नाही, वाढत्या वेगानं धावू लागते. खालच्या कक्षेला जास्त वेग लागतो, आणि तो वेग तिला खाली येण्यातूनच मिळतो.

ती कुठं पडेल हे आधी सांगता का आलं नाही, असा राग त्या वेळी अनेकांनी व्यक्त केला. राग रास्त होता. पण अडचण खरी आहे. वरच्या हवेची घनता सूर्य ठरवतो. सूर्यावर वादळ झालं की ती हवा फुगते आणि अडथळा एकदम वाढतो. लाडबोरीच्या दोनच महिने आधी, ३ फेब्रुवारी २०२२ ला सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी चाळीसच्या आसपास उपग्रह अशाच सौर वादळानं खाली ओढले गेले होते. शिवाय निकामी टप्पा हवेत कोलांट्या खात येतो, कधी आडवा तर कधी उभा. पडायला दहा तास उरले असताना अंदाज तास-दोन तासांनी चुकतो, आणि एका तासात ती वस्तू २८,००० किलोमीटर गेलेली असते. म्हणजे तासाची चूक झाली तर चंद्रपूरऐवजी पॅसिफिक महासागर.

पाडव्याच्या त्या उजेडाबद्दलही सांगायला हवं. हवेशी घर्षण होऊन वस्तू पेटते असं आपण म्हणतो. मुख्य उष्णता येते ती समोरची हवा बाजूला व्हायच्या आत दाबली जाते त्यातून. दाबलेली हवा हजारो अंश तापते आणि वस्तूला वितळवते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यामुळे टप्प्याचं अंग वरच्यावर संपतं. दाबाखाली वायू भरून ठेवायच्या गोल टाक्या मात्र टायटॅनियमच्या किंवा धाग्यांनी गुंडाळलेल्या मजबूत बांधणीच्या असतात. टायटॅनियमला १,६७० अंशांच्या जवळपास उष्णता लागते. म्हणून जगभर पडलेल्या अशा अवशेषांत गोळे पुन्हा पुन्हा सापडतात. खाली येईस्तोवर हवेनं त्यांचा वेग इतका मारलेला असतो की ते शेवटी एखाद्या उंचावरून टाकलेल्या वस्तूसारखे पडतात. सेकंदाला आठ किलोमीटर वेगानं तो गोळा पवनपारला पोहोचला असता तर गोळा सापडलाच नसता.

वेग टिकला तर काय होतं याची खूण विदर्भातच आहे. लोणारचं विवर, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं. ती वस्तू सूर्याभोवतीच्या कक्षेतून आली होती आणि इतकी मोठी होती की हवा तिला अडवू शकली नाही. उल्का आणि रॉकेटचा तुकडा यांतला फरक साध्या डोळ्यांनाही कळतो. उल्का सेकंदाला किमान अकरा किलोमीटर वेगानं येते आणि बहुधा क्षणात विझते. कक्षेतून घसरलेली वस्तू जवळजवळ आडवी येते, मिनिटभर दिसते, तिचे तुकडे एकामागून एक त्याच रेषेत चालत राहतात. पाडव्याला लोकांनी टिपलेल्या चित्रफितींत हेच होतं.

चीनच्या नावानं बोटं मोडणं सोपं आहे. आपला हात किती स्वच्छ आहे हेही पाहिलं पाहिजे. जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर ग्रीन हेडजवळ एक भलं मोठं नळकांडं वाहून आलं. तिथल्या अंतराळ संस्थेनं ते आपल्या पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचं असावं असं सांगितलं. २७ मार्च २०१९ ला आपण ‘मिशन शक्ती’त स्वतःचाच उपग्रह क्षेपणास्त्रानं फोडला. तो तीनशे किलोमीटरच्या खाली होता, त्यामुळे बहुतेक तुकडे लवकर खाली आले, पण काही वर फेकले गेले आणि रेंगाळले. चीननं २००७ मध्ये हीच गोष्ट ८६५ किलोमीटरवर केली आणि तीन हजारांहून अधिक नोंदवता येण्याजोगे तुकडे झाले. त्या उंचीवर हवा नसल्यासारखीच. तिथले तुकडे आपल्या नातवंडांच्या काळातही फिरत असतील. दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २००९ ला, ७९० किलोमीटरच्या आसपास इरिडियम-३३ हा चालू उपग्रह आणि कॉसमॉस-२२५१ हा मेलेला रशियन उपग्रह एकमेकांवर आदळले. अशा टकरींतून तुकडे, तुकड्यांतून नव्या टकरी, असं चक्र सुरू होऊ शकतं, हे डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पॅले यांनी १९७८ मध्येच गणितानं दाखवलं होतं.

चांगलं वागायचं कसं हे आपल्या संस्थेनं दाखवून दिलं आहे, आणि त्याचा मला खरा अभिमान वाटतो. मेघा-ट्रॉपिक्स-१ हा हवामानाचा उपग्रह म्हातारा झाल्यावर इस्रोनं त्यात उरलेलं इंधन वापरून त्याची कक्षा टप्प्याटप्प्यानं खाली आणली आणि ७ मार्च २०२३ ला त्याला पॅसिफिक महासागरावर, माणसांपासून दूर, खाली उतरवलं. मुळात हा उपग्रह असा उतरवण्यासाठी बनवलेलाच नव्हता. इंधन राखून ठेवावं लागतं, हिशेब ठेवावा लागतो, आणि उपयोग संपलेल्या वस्तूवर आणखी खर्च करायची तयारी लागते.

कायदाही आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाशातून पडलेल्या वस्तूनं जमिनीवर नुकसान केलं तर ती सोडणारा देश पूर्ण जबाबदार असतो. चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. त्याचा वापर फार क्वचित झाला. २४ जानेवारी १९७८ ला कॉसमॉस-९५४ हा अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह कॅनडाच्या वायव्येकडच्या बर्फाळ प्रदेशावर फुटला आणि किरणोत्सारी तुकडे पसरले. ती जमीनही आदिवासींचीच होती. १९८१ मध्ये सोव्हिएत संघानं ३० लाख कॅनेडियन डॉलर दिले. एखाद्या माणसाला असा तुकडा लागल्याचं उदाहरण जवळपास नाहीच. जानेवारी १९९७ मध्ये अमेरिकेत टल्सा इथं फिरायला निघालेल्या लॉटी विल्यम्स या बाईंच्या खांद्याला डेल्टा रॉकेटचा जळका हलका तुकडा चाटून गेला. त्यांना इजा झाली नाही.

शक्यता अगदी कमी आहे हे खरं. पण ती सगळीकडे सारखी नाही, आणि गोंदिया-चंद्रपूरच्या लोकांनी हे समजून घ्यायला हवं. चीनचं शिचांग उड्डाण केंद्र २८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथून पूर्वेला गेलेल्या रॉकेटची कक्षा साधारण तेवढीच कललेली राहते. अशी कक्षा विषुववृत्त झपकन ओलांडते, पण उत्तर आणि दक्षिण टोकांजवळ तिची वाट आडवी होते आणि वस्तूचा जास्त वेळ तिथंच जातो. कचारगड २१ अंशांच्या थोडं वर, सिंदेवाही २० अंशांच्या थोडं वर. दोन्ही या वाटेखाली येतात. चँग झेंग-३बी वर्षातून अनेकदा उडतं आणि अशा उड्डाणाचा तिसरा टप्पा बहुधा त्याच लांबट कक्षेत मागे राहतो. त्यातले काही महिन्यांत खाली येतात, काही वर्षं घेतात.

म्हणून एक साधी गोष्ट पोलीस पाटील, वनरक्षक, कोतवाल आणि शाळेतले गुरुजी यांच्यापर्यंत पोहोचली पाहिजे. आभाळातून पडलेल्या गोळ्याला हात लावायचा नाही, तो घरी न्यायचा नाही, ठोकून उघडून पाहायचा नाही. रॉकेटची दिशा सावरणाऱ्या छोट्या इंजिनांत हायड्राझिन नावाचं इंधन असतं. ते विषारी आहे, कातडीतूनही अंगात शिरतं. टाकीत दाबाखालचा वायू उरलेला असू शकतो. मुलांना लांब ठेवायचं, जागा दोरीनं अडवायची, ठाण्याला आणि तहसीलदाराला कळवायचं, जमलं तर पडल्याची वेळ आणि आली ती दिशा लिहून ठेवायची. वेळ आणि दिशा एवढ्यावरून ती वस्तू कोणाची हे जगातले अभ्यासक शोधून काढतात. २०२२ च्या पाडव्याला ते शोधता आलं, कारण जळगावपासून चंद्रपूरपर्यंतच्या माणसांनी घाबरलेल्या अवस्थेतही मोबाइल वर धरला होता, आणि चित्रफितींवरून वेळ आणि दिशा कळत होती.